बुटांच्या पुढची गोष्ट

आमच्या लाइरवोग गावात माझी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. तोरगुनकडे चोर आला, त्यानं दारात बूट काढले, भिंतीकडे टोकं करून नीट लावले, आणि मग मोज्यांवर हिंडत घर लुटलं. इथं ऐकणारे हसतात. गावातलं एकुलतं एक दुकान चालवणारी हाल्डिस वर आणखी जोड देते, "माझ्या नवऱ्याला पंचवीस वर्षांत जे जमलं नाही, ते चोराला जमलं बाई!" जिल्ह्याच्या पेपरात तर मथळाच आला होता, 'सभ्य चोर'.

मीही एकदोनदा हसले. हसणाऱ्या घोळक्यात न हसता उभं राहायचं म्हणजे फार बळ लागतं.

बुटांचं खोटं नाही. नोव्हेंबर सरत आला होता. दुपारचे तीन वाजले होते आणि उजेड खाडीपलीकडच्या डोंगराआड उतरला होता. मी दुकानातून आले आणि दार ढकललं. दाराला कुलूप होतं, पण ते कधी लावलंच नव्हतं, त्याची किल्ली कुठं आहे तेही मला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं. कुठल्या दारावर थाप म्हणून मारली नाही. दार ढकलायचं, "पत्र गं!" म्हणायचं, टेबलावर ठेवायचं आणि पुढं व्हायचं.

आत दारापाशी बुटांची जोडी होती. मोठे बूट, ओले. मला वाटलं, एइविंड आला. एइविंड म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, खाडीच्या वरच्या अंगाला त्याची मेंढरं असतात. आमच्याकडे बूट काढून जो आत येतो तो घरचा. वाईट माणूस बूट काढेल हे आमच्या मनातच येत नाही. त्यामुळं मी जराही भ्यायले नाही. उलट आत हाक मारली, "आलास होय रे? किटली ठेव, वेलदोड्याचे पाव आणलेत!"

पिशवी खाली ठेवली, कोट काढला आणि हसत हसत आत गेले.

कपाटापाशी एक अनोळखी माणूस उभा होता. तिशीचा असेल. लोकरी मोजे, डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. हातात माझ्या आईच्या सणाच्या पोशाखावरची चांदीची फुलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग त्यानं माझा हात धरला. मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. त्यानं मला कोठीत ढकललं आणि बाहेरून अडणा लावला.

कोठी घराच्या उत्तर अंगाला आहे. बटाटे, मुरंब्याच्या बरण्या आणि खारवलेलं मटण तिथं राहतं. गारवा राहावा म्हणून भिंतीला बाहेरच्या बाजूनं जाळी ठेवलेली. मी दार बडवलं. फटीतून दिसलं, दाराच्या त्या अंगाला तो खाली बसून नाड्या बांधत होता, सावकाश, एक झाली की दुसरी. मग बाहेरचं दार लागलं. थंडी आत जाऊ नये म्हणून आपण लावतो तसं, हळू, ओढून.

मी अठरा तास आत होते. फोन कोटात, कोट बाहेर. आधी ओरडले, मग रडले, मग बटाट्यांच्या पोत्यात पाय खुपसून बसले आणि चरख्यावर बसलेली आई म्हणायची ते म्हणत राहिले,

चाक फिरे गरागरा, सूत निघे मऊ मऊ
बाहेर गं बर्फवारा, माझ्या लेकी नको भिऊ

पुढं पुढं शब्द आठवेनात. 'नको भिऊ' एवढंच उरलं, आणि मग तेही नाही. सकाळी नऊला एइविंड लाकडं घेऊन आला तेव्हा त्यानं अडणा काढला. माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही.

गोष्टीचा हा भाग कुणाला नको असतो. सांगायला गेले की माणसं मायेनं माझा हात धरतात आणि म्हणतात, "अगं, घाबरला असेल पोरगा. त्याला वाटलं असेल, येईलच कुणीतरी." कोर्टातही त्याच्या वकिलानं हेच सांगितलं, त्यानंही मान हलवली. मी म्हणत होते, नाही, तो घाबरला नव्हता. घाबरलेला माणूस नाड्या अशा बांधत नाही. कुणाला पटलं नाही. दवाखान्यातल्या नर्सनं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "भीती मोठं करून दाखवते हं गोष्टी." मग मलाच वाटायला लागलं, माझ्या डोक्यातच काही बिघडलंय.

तेव्हापासून दाराला तीन कुलपं आहेत. कोठीचं दार एइविंडकडून बिजागरीसकट काढून घेतलं. न्हाणीचं दार मी लावत नाही. आणि माझ्याकडे कुणी आलं की मी म्हणते, बूट काढू नका. माणसं अवघडतात. धुतलेल्या फरशीवर चिखलाचे बूट घेऊन चोरासारखी उभी राहतात. पण दारात बुटांची जोडी दिसली की माझा श्वास अडकतो, त्याला मी काय करू?

*

त्याचं नाव शेटिल. तीन वर्षांची शिक्षा झाली. पहिलं वर्ष भिंतीआड, पुढं बेटावरच्या खुल्या तुरुंगात. तिथं गोठा आहे, सुतारकाम आहे, प्रत्येकाला खोली आणि खोलीची किल्ली. हाल्डिसनं पेपरातला फोटो दाखवला होता. "बघ, गाईंना नावं ठेवलीत त्यांनी. आपला नवरा तिकडं पाठवावा म्हणते चार महिने."

आता एप्रिलच्या मध्याला तो सुटणार होता. चांगला वागला म्हणून लवकर. राहणार होता आमच्या गावात, कारण आस्लाउग त्याची आजी. ती गेली आणि होड्यांच्या शेडजवळचं तिचं छोटं घर त्याच्या नावावर झालं. इतर कुठं त्याला खोली कोण देणार? आणि आस्लाउगचं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर खाली. बशी विसळताना मान वर केली की तिचं धुरांडं दिसतं.

एका जर्मन जोडप्याला माझं घर सुट्टीसाठी विकत हवं होतं. तीस एप्रिलपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणाले. बर्गनला माझी बहीण राहते, तिच्या इमारतीत एक खोली रिकामी होती. माझ्या आजोबांनी बांधलेलं हे घर, यात मी जन्मले, यातून नवऱ्याला शेवटचा निरोप दिला. जायचं की राहायचं, मला ठरवायचं होतं. त्याच्या धुरांड्यासमोर मला राहता येईल का, एवढाच प्रश्न होता.

मार्चच्या सुरुवातीला सिन्नोवेचा फोन आला. ती समेट मंडळाची. गुन्हा करणारा आणि ज्याच्यावर गुन्हा झाला तो, अशा दोघांना ती एका टेबलाशी बसवते. म्हणाली, "शेटिलची तयारी आहे. तुमची नसली तर काही हरकत नाही. पण एकाच गावात राहायचं तर समोरासमोर आल्यावर काय करायचं, ते आधी ठरलेलं बरं."

मी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि दाराची तिन्ही कुलपं ओढून पाहिली.

एइविंड म्हणाला, "आत्या, मी येतो बरोबर. त्याच्या आणि तुझ्या मध्ये बसतो. नाहीतर तो सुटून येईल आणि पहिल्यांदा तुला एकटीला रस्त्यात भेटेल. ते बरं का?"

त्या विचारानं मी हो म्हटलं. शूर होऊन नाही. जास्त भीती कशाची, एवढंच पाहिलं.

*

चर्चच्या सभागृहात भेटलो. सकाळचे अकरा. थर्मासमध्ये कॉफी, ताटलीत हृदयाच्या आकाराचे वॅफल, कुणाचा तरी वाढदिवस असावा तसे. साध्या कपड्यातला तुरुंगाचा माणूस बाहेर खिडकीपाशी उभा होता. मी दाराजवळची खुर्ची मागून घेतली. दार उघडंच ठेवायला लावलं.

शेटिल उठून उभा राहिला. केस बारीक कापलेले, खांदे रुंद झालेले. मला वाटलं होतं, त्याला पाहताच मी पळेन. मी खुर्ची आणखी दाराकडे सरकवली.

त्यानं कागद काढला. "पोस्टबाई, मी तुमची मनापासून..."

आस्लाउगच्या घरी सगळे मला पोस्टबाई म्हणायचे. तो शब्द त्याच्या तोंडून मला नको होता. मी म्हटलं, "ते वाचणं राहू दे. मला एकच सांग. कुणीतरी येईल आणि मला बाहेर काढील, असं तुला वाटलं होतं?"

त्यानं सिन्नोवेकडे पाहिलं. मग कागदाकडे. त्यानं कागदाची घडी घातली.

सिन्नोवे म्हणाली, "वेळ घे."

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"वाटलं नव्हतं. आजी दवाखान्यात होती, मी चार दिवस तिच्या घरातून बघत होतो. तुमच्याकडे कुणी येत नव्हतं. आणि तुम्ही हाक मारली ना, ती ह्याला," त्यानं एइविंडकडे हनुवटी केली, "ह्याला मी दुपारी धक्क्यावर पाहिलं होतं, बोटीत मेंढरं चढवताना. त्या दिवशी तो परत येणार नाही हे मला माहीत होतं. जाताना कोठीचा अडणा काढून ठेवता आला असता. बसथांब्यावर फोन हातात होता. नंबर कुणालाही लावता आला असता."

"मग?"

"बस आली. आत ऊब होती. मला झोप लागली."

एइविंडची खुर्ची मागं पडली. खिडकीतला माणूस धावत दारात आला. "तुला मी..." एइविंडच्या तोंडून पुढचं निघेना. सहा फुटी माणूस, आणि ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. त्या रात्री पलीकडच्या गावात तो कत्तलखान्याच्या माणसांबरोबर जेवला होता, हसला होता. ते तो दोन वर्षं उरात घेऊन हिंडत होता.

"बस खाली," मी म्हटलं. "बस रे, राजा."

मला काय झालं ते कसं सांगू? भीती गेली नाही. उलट वाढली. समोर बसलेला माणूस मला मरायला ठेवून बसमध्ये झोपला होता. पण त्याच वेळी खूप खोल कुठंतरी एक गाठ सुटली. मी वेडी नव्हते. मी ज्याला भ्याले ते खरंच तेवढं मोठं होतं.

"हे कोर्टात का नाही सांगितलंस?" सिन्नोवेनं विचारलं. तिच्या पेनाचं टोपण कधीच खाली पडलं होतं.

"वकील म्हणाले, कुणीतरी येईल असं वाटलं म्हण. एकदा म्हटलं. मग बेटावर समुपदेशनाच्या गटातही तेच म्हटलं. इतक्यांदा म्हटलं की खरं वाटायला लागलं. आज ह्यांनी विचारलं..." तो थांबला. "असं कुणी विचारलंच नव्हतं."

मग करार लिहायचा होता. सिन्नोवेनं गावाचे तुकडे केले, तासांनी आणि वाटांनी. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान बारापर्यंत माझं, बारानंतर त्याचं. वरचा रस्ता माझा, खाडीकाठची वाट त्याची. समोरासमोर आलो तर वळायचं त्यानं. तो प्रत्येक ओळीला मान डोलवत होता.

"आणखी काही?" सिन्नोवेनं मला विचारलं.

माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवून आले नव्हते. "बुटांवरून तुझ्यासमोर कुणी हसलं, तर पुढचं तू सांगायचंस. आत्ता सांगितलंस तसं. बससकट."

सिन्नोवे गोंधळली. "असलं कलम आम्ही कधी घातलं नाही, तोरगुन. शेटिल, विचार कर. तुला त्याच गावात राहायचंय. लोक तुला..."

"कळतंय," तो म्हणाला. "लिहा."

*

सोळा एप्रिलला आस्लाउगच्या धुरांड्यातून धूर निघाला.

मी खिडकीला जाड पडदा लावला आणि मग पडद्याच्या फटीतून पाहत राहिले. पाहिलं नाही तर तो कुठं असेल ते कळत नव्हतं, आणि पाहिलं तर तो दिसत होता. छपरावर चढून पत्रे ठोकताना. खाडीच्या काठाला उभं राहून नुसतं पाण्याकडे बघताना. भांडी विसळायची ती मी हॉलमध्ये बादलीत विसळू लागले. जर्मन बाईंचं पत्र टेबलावर होतं. रोज वाटायचं, आज लिहून टाकावं, हो.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी दुकानात गेले. माझी वेळ. हाल्डिसच्या दुकानात मागच्या अंगाला रिकाम्या बाटल्या परत घ्यायचं यंत्र आहे, एका अरुंद खोलीत. मी दोन पिशव्या बाटल्या आणल्या होत्या. चार बाटल्या गेल्या आणि यंत्र अडलं. हात घालून पाहिलं, बटण दाबलं, थोपटलं. हाल्डिसला हाक मारणार, तेवढ्यात दुकानाच्या दारावरची घंटा वाजली आणि हाल्डिसचा आवाज एकदम गोड झाला.

"या, या! आस्लाउगचा नातू ना तू?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. वेळ त्याची होती. चुकीच्या जागी मी होते.

त्या खोलीला दुसरं दार नाही. मी यंत्राच्या आणि भिंतीच्या मध्ये सरकले. शिळ्या बिअरचा वास, पाठीला गार पत्रा. छातीत असं धडधडत होतं की बाटल्या वाजतील असं वाटावं. मी तोंडावर हात दाबला. बाहेर पडायचं तर त्याच्या अंगावरून जायचं, आणि थांबायचं तर आत. पुन्हा आत. तो अलीकडे, मी पलीकडे.

"मैदा, यीस्ट आणि कॉफी," तो म्हणाला.

"घरीच भाजतोस वाटतं पाव? बेटावर शिकलास?" हा आवाज गुडमुंडचा. पूर्वी तो फेरीबोट चालवायचा, आता दिवसभर दुकानातल्या खुर्चीत बसून असतो. "बघ हाल्डिस, पावही भाजतो आणि बूटही काढतो. माझ्या सुनेला असा मिळायला हवा होता..."

"गुडमुंड, गप!" हाल्डिस म्हणाली, पण ती हसतच होती. "पण खरं सांगू का पोरा, आमच्या फरशीवरही काढलेस तर बरं होईल हो. तुझी ख्याती आहे!"

दोघं हसले. गुडमुंडला हसता हसता ठसका लागला. मला वाटलं, तोही हसेल. हसून मोकळा होईल, पैसे देईल आणि जाईल. मी इथं आहे हे त्याला माहीत नव्हतं. कोण विचारणार होतं त्याला?

"त्याच्या पुढचं तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. चार दिवस खिडकीतून पाहिलं ते. धक्क्यावरची मेंढरं. अडणा. "कुणी येणार नाही हे मला माहीत होतं," तो म्हणाला, "आणि बसमध्ये मला झोप लागली. म्हणून त्यावर हसू नका."

मग हाल्डिसच्या हातून यीस्टचं पाकीट पडलं. ते कुणी उचललं नाही. घंटा वाजली आणि तो गेला. मैदा तिथंच टेबलावर राहिला.

मी बाहेर आले तेव्हा हाल्डिस मला बघून किंचाळली.

*

त्या आठवड्यात गाव बदललं. मंगळवारी संध्याकाळी जिल्ह्याच्या गावाहून कुलपं मागवली गेली. पोरं शाळेतून घोळक्यानं येऊ लागली. खाडीकाठची वाट ओस पडली. कुणी काही केलं नव्हतं, तरी माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागली. त्याला पाहिलं की दुकानातून बाहेर पडू लागली, हातातलं सामान तसंच टाकून. मी जे दोन वर्षं एकटीनं खाल्लं, ते आता सगळ्यांच्या ताटात पडलं होतं. मला बरं वाटलं का? खरं सांगायचं तर एक दिवसभर वाटलं.

सत्तावीस एप्रिलला दुपारी एइविंडच्या ट्रॅक्टरमधून हाल्डिस माझ्याकडे आली. बूट न काढता आत आली, खुर्चीत बसली आणि कागद पुढं केला.

"नगरपालिकेला द्यायचाय. त्याला दुसरीकडे हलवा म्हणून. चाळीस जणांनी हो म्हटलंय. पहिली ओळ तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय."

"माझ्यासाठी कशाला?"

"अगं, तुझ्या सहीशिवाय त्याला काय किंमत? ज्याला भोगावं लागलं त्याचंच ऐकतात ते." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तोरगुन, काल मी चार वेळा उठून कुलूप ओढून पाहिलं. चार वेळा गं! नवरा म्हणतो, वेडी झालीस."

"मला तुम्ही सगळ्यांनी म्हटलं होतं तसंच."

"आम्हाला काय माहीत?"

"मी सांगत होते, हाल्डिस."

हाल्डिस हातमोजे चुरगळत राहिली.

एइविंड शेगडीपाशी उभा होता. "सही कर, आत्या. तो जाईल. मग घर विकायला नको, बर्गनला जायला नको. सगळं पुन्हा पहिल्यासारखं."

तसंच होतं ते. एक सही, आणि खिडकीचा पडदा काढता आला असता. मी पेन हातात घेतलं. कागदावर वरची ओळ पांढरीफेक होती.

आणि मला ते दुकान आठवलं. तो हसून सुटू शकत होता. कुणी बघत नव्हतं. मी सांगायला लावलं म्हणून त्यानं सांगितलं, आणि तेच सांगितलं म्हणून आता त्याला हाकलायचं. उद्या दुसऱ्या गावात जाईल तेव्हा काय करेल तो? तोंड मिटून राहील. मग तिथं कुणाला काही माहीत नसेल, आणि तिथंही एखादी बाई एकटी राहत असेल.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?" एइविंडला समजेना.

"त्यानं तोंड उघडलं ते माझ्यामुळं. त्याची शिक्षा मी त्याला देणार नाही."

"तुला त्याची दया येते?" हाल्डिस जवळजवळ ओरडली.

"दया कसली? मला अजून त्याची भीती वाटते. तुम्हा सगळ्यांहून जास्त. पण इथं निदान तो कुठं आहे ते मला माहीत आहे, आणि त्यानं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. दुसरीकडे यातलं काहीच नसेल." मी पेन ठेवलं. "कागद द्यायचा तर द्या. वर लिहा, तोरगुननं सही केली नाही."

मग त्यांच्यासमोरच जर्मन बाईंना फोन लावला. म्हटलं, घर विकणार नाही. त्या म्हणाल्या, खिडकीतून खाडी किती सुंदर दिसायची. मी म्हटलं, हो, दिसते.

फोन ठेवला तोच एइविंडचा वाजला. कोकरांचे दिवस होते, एक मेंढी अडली होती. त्याला तसंच वर पळावं लागलं. ट्रॅक्टरचा आवाज डोंगरात विरला. हाल्डिस उठली, दाराशी गेली आणि तिथंच थांबली. तिचं घर खाडीकाठच्या वाटेवर, आस्लाउगच्या घरापलीकडे. येताना एइविंडबरोबर आली होती.

"तोरगुन," ती दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, "मला पोचवतेस का गं? एकटीनं नाही जाववत तिथून."

तिला हसू आलं नाही. मलाही नाही.

मी कोट घातला. कलमाप्रमाणे ती वाट माझी नव्हती. दोघी हात धरून उतरलो. तिचा तळवा घामेजला होता, माझाही. आस्लाउगच्या अंगणात शेटिल लाकडं फोडत होता. आमची पावलं ऐकून त्यानं मान वर केली, मला पाहिलं, कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, पाठ फिरवली आणि घरात गेला. दार लागलं. हाल्डिसनं माझ्या हाताला नखं रुतवली होती, तिला कळलंही नव्हतं.

तिच्या दारात तिनं तीन वेळा थँक्यू म्हटलं आणि आत जाऊन कुलूप लावलं. कुलपात किल्ली फिरलेली मी ऐकली.

मग मी तिथं उभी राहिले. वरच्या रस्त्याला जायचं तर अर्ध्या तासाचा वळसा. खाडीकाठची वाट सरळ माझ्या घराकडे जात होती, ओंडक्यात रोवलेल्या त्या कुऱ्हाडीवरून. डावा पाय तर जागचा हलेना. पण घर माझं होतं. आत्ताच, जगासमोर, मी ते ठेवून घेतलं होतं.

खाडीकाठच्या वाटेवर उजवा पाय मी पुढं टाकला.